उसाच्या बेटाचा कारभारी

सर शिवसागर रामगुलाम यांनी एका पिकावर जगणारे मॉरिशस सावरले; त्याची किंमतही मोठी होती

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांचा मॉरिशसविषयीचा अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हिंदी महासागरातील या चिमुकल्या वसाहतीत चिंतेचे सावट पसरले. बेटाची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती, लागवडीयोग्य जमीन जवळपास संपली होती आणि निर्यातीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकट्या साखरेचा होता. खनिज नाही, तेल नाही, मोठी बाजारपेठ जवळ नाही. रोजगाराच्या नव्या वाटा निघाल्या नाहीत, तर बेट दारिद्र्याच्या खाईत जाईल, असा या अहवालाचा एकूण सूर होता. मीड यांना पुढे १९७७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे त्यांचा इशारा एखाद्या नवशिक्याचा होता, असे कोणी म्हणू शकत नव्हते.

ज्या वर्षी हा अहवाल आला, त्याच वर्षी मॉरिशसचे मुख्यमंत्रिपद एका साठी ओलांडलेल्या डॉक्टरकडे आले. त्यांचे नाव शिवसागर रामगुलाम. पुढील एकवीस वर्षे बेटाचा कारभार त्यांच्या हाती राहिला. या काळात मॉरिशस स्वतंत्र झाले, उसाच्या जोडीला कारखाने आले आणि भाकीत केलेली आपत्ती टळली. मात्र त्याच काळात बेटाने आपला एक द्वीपसमूह गमावला आणि लोकशाहीला काही वर्षे कुलूपही लागले. रामगुलाम यांच्या चरित्रात या दोन्ही बाजू एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

गिरमिटियाचा मुलगा

सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरच्या या बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हते. डच आले आणि गेले, फ्रेंचांनी उसाचे मळे वसवले, तर १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली. मळ्यांवर राबायला माणसे हवी होती, म्हणून १८३४ पासूनच करारबद्ध मजूर भारतातून आणले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. बहुतेक बिहार व आजच्या उत्तर प्रदेशातून आले, पाठोपाठ तामिळ व तेलुगू भाषक होते. मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांनी रत्नागिरी व कोकणपट्टीतील मराठी कुटुंबेही तेथे नेली. जमीन आणि साखर कारखाने मात्र मूठभर फ्रेंच वंशीय घराण्यांच्या ताब्यात राहिले.

अशाच एका बिहारी मजुराच्या घरी १८ सप्टेंबर १९०० रोजी बेल रिव्ह या खेड्यात शिवसागर यांचा जन्म झाला. वडील मोहित मळ्यावर कामाला होते. मुलगा सात वर्षांचा असतानाच ते वारले. बाराव्या वर्षी गोठ्यात झालेल्या अपघातात मुलाचा डावा डोळा गेला. तरीही आई बासमती आणि नातलगांच्या आधाराने त्याचे शिक्षण चालू राहिले. क्यूरपिपच्या रॉयल कॉलेजमध्ये शिकून आणि काही काळ सरकारी कचेरीत कारकुनी करून १९२१ मध्ये तो तरुण वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेला.

लंडनमध्ये त्यांनी चौदा वर्षे काढली. वैद्यकाइतकेच त्यांचे लक्ष राजकारणाकडेही होते. भारतीय विद्यार्थ्यांच्या चळवळीत ते वावरले. क्रांतीऐवजी कायदे, कर आणि सार्वजनिक सेवा यांच्या मार्गाने विषमता कमी करू पाहणाऱ्या फेबियन समाजवादाचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. १९३५ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा पुढच्या कारकिर्दीची दिशा बऱ्याच अंशी ठरलेली होती.

मताचा हक्क

परतलेल्या डॉक्टरला अस्वस्थ बेट दिसले. १९३६ मध्ये डॉ. मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्ष स्थापन केला होता. १९३७ मध्ये उसाच्या दरावरून आणि मजुरीवरून दंगली उसळल्या, तर १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल येथे पोलिसांच्या गोळीबारात अंजली कूपेन या गर्भवती स्त्रीसह मजुरांचा बळी गेला. मताचा अधिकार मालमत्तेला आणि उत्पन्नाला जोडलेला असल्याने राबणाऱ्या माणसाला कायदेमंडळात आवाज नव्हता.

रामगुलाम यांनी रस्त्यापेक्षा सभागृहाची वाट धरली. १९४० मध्ये ते कायदेमंडळावर नियुक्त झाले. त्याच वर्षी आपली बाजू मांडण्यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अॅडव्हान्स’ हे दैनिक सुरू केले. घटनादुरुस्तीच्या वाटाघाटींत त्यांनी मताधिकाराच्या विस्ताराचा आग्रह सातत्याने धरला. अखेर १९४७ च्या घटनेने बेटावर वापरल्या जाणाऱ्या मान्य भाषांपैकी एका भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढांना मत दिले. बासदेव बिसुनदयाल यांच्या स्वयंसेवकांनी खेडोपाडी मजुरांना अक्षरे गिरवायला शिकवली. सुमारे १२ हजारांची मतदारयादी ७१ हजारांवर गेली आणि १९४८ च्या निवडणुकीत मळेवाल्यांची सभागृहावरील पकड सैल झाली. १९५९ मध्ये सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला. तोवर मजूर पक्षाची सूत्रे रामगुलाम यांच्याकडे आली होती.

वाढती माणसे, एकच पीक

सत्ता हाती येत होती, तसतसे प्रश्नही उग्र होत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या फवारणीने मलेरिया आटोक्यात आला आणि मृत्यूचे प्रमाण एकदम घटले. १९४४ च्या जनगणनेत बेटावर सुमारे ४ लाख १९ हजार लोक होते. १९६२ मध्ये ते ६ लाख ८१ हजार झाले. त्यात १९६० च्या आरंभी आलिक्स आणि कॅरोल ही दोन चक्रीवादळे लागोपाठ आली. कॅरोलने हजारो घरे जमीनदोस्त केली आणि निम्म्याहून अधिक ऊस झोपवला. निर्यातीसाठी एकाच पिकावर विसंबणाऱ्या बेटाचे हाल काय होतात, याचा तो धडाच होता.

वादळानंतर सरकारने गृहनिर्माण प्राधिकरण स्थापून काँक्रीटच्या घरांच्या वसाहती उभारल्या. गवताच्या आणि पत्र्याच्या छपरांऐवजी सपाट स्लॅबची घरे ही बेटाची ओळख बनू लागली. ऊस वाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेली रेल्वे तोट्यात होती. तिची प्रवासी वाहतूक १९५६ मध्ये, तर मालवाहतूक १९६४ मध्ये बंद झाली आणि बेटाने रस्त्यांची वाट धरली.

मीड यांच्याबरोबरच समाजनीतीचे अभ्यासक रिचर्ड टिटमस यांचाही अहवाल १९६१ मध्ये आला. त्याचा भर कुटुंबनियोजनावर आणि सामाजिक सुरक्षेवर होता. बेटावर कॅथलिक चर्चचा प्रभाव मोठा, शिवाय हिंदू व मुस्लीम समाजांतही या विषयावर संकोच होता. सरकारने वाद न वाढवता कुटुंबनियोजन संस्था आणि चर्चप्रणीत नैसर्गिक पद्धतीचा प्रचार करणारी संस्था, या दोघींनाही हात दिला. साठच्या दशकाच्या आरंभी दर स्त्रीमागे सरासरी सहाच्या आसपास असलेला जननदर सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात साडेतीनच्या खाली आला. सक्तीशिवाय इतक्या थोड्या काळात झालेली ही घट जगभरच्या लोकसंख्यातज्ज्ञांच्या अभ्यासाचा विषय ठरली.

साखरेच्या बाबतीत रामगुलाम यांनी घेतलेला निर्णय त्यांच्या साऱ्या कारभाराचा पाया होता. मळे आणि कारखाने सरकारने ताब्यात घ्यावेत, अशी अपेक्षा त्यांच्या अनेक समर्थकांना होती. त्यांनी तसे केले नाही. ऊस पिकवण्याचे आणि साखर काढण्याचे काम जुन्या मालकांकडेच राहू दिले. निर्यातीवर मात्र कर बसवला. त्या पैशांतून सरसकट सर्व वृद्धांना निवृत्तिवेतन, मोफत सरकारी रुग्णालये, शाळा आणि स्वस्त तांदूळ-पीठ यांचा खर्च भागवला जाऊ लागला. मालकांना मालमत्तेची शाश्वती मिळाली, मजुरांना पोटाची. भांडवल बेटाबाहेर पळाले नाही आणि पुढे याच साखर घराण्यांचा पैसा कापड कारखान्यांत व हॉटेलांत उतरला. डाव्यांच्या दृष्टीने मात्र ही तडजोड जमिनीच्या विषमतेला अभय देणारी होती. त्यांचा हा आक्षेप आजही पूर्णपणे खोडून काढता येत नाही.

लंडनमधील सौदा

सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या लॅन्केस्टर हाऊसमध्ये मॉरिशसच्या भवितव्यावर परिषद भरली. स्वातंत्र्य द्यावे की ब्रिटनशी सहयोगी नाते ठेवावे, हा प्रकट विषय होता. पडद्याआड दुसराच विषय होता. मॉरिशसच्या अखत्यारीतील चागोस द्वीपसमूहापैकी दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता आणि त्यासाठी ब्रिटनला हा समूह मॉरिशसपासून तोडायचा होता.

मॉरिशसच्या मंत्र्यांनी प्रथम बेटे भाड्याने देण्याचा, त्याबदल्यात अमेरिकी बाजारपेठेत साखरेचा कोटा मिळवण्याचा प्रस्ताव मांडून पाहिला. तो मान्य झाला नाही. २३ सप्टेंबर रोजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन आणि रामगुलाम यांची भेट झाली. पुढे खुल्या झालेल्या ब्रिटिश कागदपत्रांवरून असे दिसते की, स्वातंत्र्याची आशा दाखवायची आणि ते हुकण्याची भीतीही घालायची, असा सल्ला विल्सन यांना या भेटीआधी लेखी देण्यात आला होता. रामगुलाम यांनी तत्त्वतः संमती दिली. तीस लाख पौंडांची भरपाई आणि तळाची गरज संपल्यावर बेटे परत करण्याचे आश्वासन, एवढे पदरात पडले. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोस वेगळे करण्यात आले. मिळालेल्या मोबदल्यावर नाराज असलेल्या विरोधी सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे मंत्री सरकारातून बाहेर पडले.

या सौद्याची खरी किंमत चागोसच्या रहिवाशांनी मोजली. नारळाच्या बागांत पिढ्यान् पिढ्या राबलेल्या दीड-दोन हजार लोकांना १९७३ पर्यंत टप्प्याटप्प्याने तेथून हलवण्यात आले. बहुतेकांना पोर्ट लुईच्या धक्क्यावर आणि झोपडवस्तीत आणून सोडले. त्यांच्या पुनर्वसनासाठी ब्रिटनने १९७२ मध्ये मॉरिशस सरकारला साडेसहा लाख पौंड दिले. पण ते विस्थापितांच्या हाती पडायला १९७७-७८ उजाडले. हा विलंब रामगुलाम सरकारचाच होता. उत्तरायुष्यात त्यांनी चागोसवरील हक्काचा मुद्दा आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर मांडला. १९६५ मध्ये त्यांच्यापुढे खरोखर दुसरा पर्याय होता का, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. वसाहतीचा नेता आणि साम्राज्याचा पंतप्रधान हे समान पातळीवर वाटाघाटी करत नव्हते, हे मात्र पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही लक्षात घेतले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजीच्या सल्लागार अभिप्रायात न्यायालयाने हे विभाजन बेकायदा ठरवले.

स्वातंत्र्य आणि बेकारी

७ ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी आघाडी जिंकली. परंतु सुमारे ४४ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला विरोध असलेल्या गाएतां दुव्हाल यांच्या पक्षाला मते दिली होती. हिंदू बहुसंख्येच्या राजवटीची धास्ती अल्पसंख्याकांत होती. त्यावर उतारा म्हणून घटनेत एक वेगळी तरतूद करण्यात आली. निवडून आलेल्या ६२ सदस्यांखेरीज, कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांतील पराभूत उमेदवारांपैकी आठ जणांपर्यंत सभागृहात घेता येत होते. या तरतुदीमुळे राजकारणात जातजमातींची मोजदाद कायम राहिली, अशी टीका पुढे झाली. पण नवजात देश फुटू न देण्यात तिचा वाटा होता.

जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लीम गटांत दंगली पेटल्या. ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. या छायेतच १२ मार्च १९६८ रोजी शाँ दे मार्सच्या मैदानावर नवा ध्वज फडकला. गांधीजींनी १९३० मध्ये दांडीयात्रा सुरू केली, तीच ही तारीख. पंतप्रधान रामगुलाम यांनी पुढच्याच वर्षी कालचे विरोधक दुव्हाल यांना सरकारात घेतले आणि परराष्ट्र खाते त्यांच्याकडे सोपवले. स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्यांनाही देश आपला वाटावा, हा त्यामागील विचार होता.

पुढचा प्रश्न रोजगाराचा होता. शाळा शिकलेली मुले उसाच्या फडात जायला तयार नव्हती आणि सरकारी नोकऱ्या अपुऱ्या होत्या. रस्ते, गटारे, वनीकरण अशा मदतकामांवर हजारोंना लावण्यात आले. पण तो तात्पुरता इलाज होता. प्रा. एदुआर लिम फात यांच्यासारख्या जाणकारांनी तैवानच्या धर्तीवर निर्यातप्रक्रिया क्षेत्राची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये तसा कायदा झाला. कच्चा माल बिनशुल्क आणायचा, तयार माल निर्यात करायचा, नफ्यावर काही वर्षे कर नाही. हे क्षेत्र एका कुंपणात बंदिस्त नव्हते. कारखाना बेटावर कुठेही उभारला तरी सवलत मिळे. त्यामुळे स्वेटर आणि शर्ट शिवणारे कारखाने खेड्यांच्या दारात आले. त्यांत मुख्यतः तरुण मुली कामाला लागल्या. त्यांचे वेतन पुरुषांपेक्षा कमी होते, कामाचे तास मोठे होते. तरीही अनेक घरांत पहिला नियमित पगार आणला तो या मुलींनीच.

साखरेनेही साथ दिली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी जागतिक भाव चढले. १९७५ मध्ये युरोपीय समुदायाशी झालेल्या लोमे कराराच्या साखरविषयक भागात मॉरिशसला दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने विकण्याचा हक्क मिळाला. करारातील देशांमध्ये हा वाटा सर्वांत मोठा होता आणि ही व्यवस्था २००९ पर्यंत टिकली. १९८० मध्ये पोर्ट लुई बंदरात सुटी साखर यंत्राने जहाजात भरणारे टर्मिनल सुरू झाले. पाठीवरून गोणी वाहणाऱ्या गोदी कामगारांची एक पिढीच्या पिढी त्यामुळे कामाला मुकली.

आणीबाणी आणि विद्यार्थी

१९६९ मध्ये पॉल बेरांजे आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मॉरिशियन मिलिटंट मूव्हमेंट हा डावा पक्ष स्थापन केला. वर्षभरातच त्याने खुद्द रामगुलाम यांच्या मतदारसंघातील एक जागा पोटनिवडणुकीत जिंकली. गोदी आणि वाहतूक कामगारांच्या संपांनी १९७१ मध्ये बेट ठप्प झाले. डिसेंबरमध्ये सरकारने आणीबाणी लादली, विरोधी नेत्यांना तुरुंगात टाकले, वृत्तपत्रांवर निर्बंध आणले. १९७२ मध्ये अपेक्षित निवडणूक १९७६ पर्यंत लांबवली गेली. मताधिकारासाठी आयुष्य वेचलेल्या नेत्याच्या चरित्रातील हा सर्वांत विसंगत अध्याय आहे. अंदाजपत्रक सांभाळण्यासाठी आणि गुंतवणूकदार टिकवण्यासाठी शांतता हवी होती, असे समर्थन करता येते. तथापि मतदाराला चार वर्षे ताटकळत ठेवण्याचे ते पुरेसे कारण होऊ शकत नाही.

२० मे १९७५ रोजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले. सरकारने मताचे वय अठरावर आणले आणि पुढच्या वर्षी निवडणूक घेतली. तीत बेरांजे यांचा पक्ष ३४ जागा मिळवून पहिला आला. मजूर पक्षाने दुव्हाल यांच्या साथीने निसटती सत्ता राखली. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. इतक्या छोट्या देशाला हा भार पेलेल का, अशी शंका त्या वेळी घेतली गेली. पुढील दशकात कारखान्यांना, हॉटेलांना आणि बँकांना लागणारे मनुष्यबळ मात्र याच वर्गांतून बाहेर पडले.

याच काळात भारताशी असलेले नाते त्यांनी जाणीवपूर्वक जपले. जानेवारी १९७५ मध्ये नागपूरला भरलेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनाला ते प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. दुसरे संमेलन पुढच्या वर्षी पोर्ट लुईतच झाले. भारताच्या सहकार्याने मोका येथे उभ्या राहिलेल्या महात्मा गांधी संस्थेत हिंदी, तामिळ, तेलुगू, उर्दूबरोबर मराठीचेही अध्यापन होते. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते.

पराभव आणि अखेर

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस भाग्य फिरले. साखरेचा भाव उतरला, तेल महागले, चढत्या काळात वाढवलेला खर्च आवरेना. १९७९ आणि १९८१ मध्ये रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी आल्या, बेकारी वाढली, भ्रष्टाचाराचे आरोप झाले. जून १९८२ च्या निवडणुकीत विरोधी आघाडीने मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकल्या. एक्याऐंशी वर्षांचे रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघातही पडले. त्यांनी निकाल स्वीकारला आणि सत्ता शांतपणे अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या हाती दिली. वसाहतवादातून मुक्त झालेल्या आफ्रिकेतील त्या काळच्या अनेक देशांत हे दृश्य दुर्मीळ होते.

विजेत्यांचे सरकार वर्षभरातच फुटले. १९८३ च्या निवडणुकीनंतर जगन्नाथ यांनी रामगुलाम यांना गव्हर्नर जनरलपद दिले. त्याच पदावर असताना १५ डिसेंबर १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास निर्यातप्रक्रिया क्षेत्राची कमाई साखरेच्या निर्यातीला मागे टाकू लागली होती. एका पिकाच्या बेटाची ती ओळख पुसली जाण्याचा आरंभ पाहायला ते जेमतेम होते. पाम्प्लमूसच्या वनस्पती उद्यानात त्यांची समाधी आहे. देशाच्या विमानतळाला त्यांचे नाव आहे आणि नाण्यांवर त्यांची मुद्रा आहे.

त्यांनी मागे ठेवलेले अपुरे काम चागोसचे होते. २२ मे २०२५ रोजी या द्वीपसमूहाचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे सोपवण्याच्या करारावर ब्रिटन आणि मॉरिशस यांच्या पंतप्रधानांनी सह्या केल्या. दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांसाठी ब्रिटनच्या ताब्यात राहील, असे त्यात म्हटले होते. म्हणजे १९६५ मध्ये मंत्र्यांनी मांडलेला आणि झिडकारला गेलेला भाडेपट्ट्याचा प्रस्तावच साठ वर्षांनी वेगळ्या रूपात पुढे आला. मॉरिशसच्या वतीने त्यावर सही करणारे पंतप्रधान नवीन रामगुलाम हे शिवसागर यांचे पुत्र आहेत. बेटावरून हलवले गेलेले बहुतेक जण मात्र तो दिवस पाहायला राहिले नव्हते.